ताटावरचं माणूस

म्हाताऱ्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर कुणीतरी त्याला हे वाचून दाखवेल आणि उद्या पहाटे पाचला माझा फोन वाजेल. तसा तो दोन वर्षं रोज वाजतच होता. हिर्डोशीच्या अलीकडे एका वाडीत म्हाताऱ्याचं घर. घरात रेंज नाही, घरामागच्या खडकावर चढलं की येते, आणि पहाटे जरा जास्तच चांगली येते हा त्याचा स्वतःचा शोध. त्या खडकावर उभा राहून, पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याला हाक मारावी तसा तो ओरडायचा, "ताई, लागला का?"

"नाही लागला, बाबा."

कट. 'बरं' नाही, 'ठेवतो' नाही. माझी झोप गेली ती गेलीच. लागला की मीच कळवीन, तुम्ही फोन करू नका, हे मी हज्जारदा सांगितलं असेल. "व्हय व्हय" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत खडकावर.

लागला का म्हणजे सिनेमा लागला का. म्हातारा सिनेमात होता. आता हा माणूस सिनेमात कसा गेला, तर माझ्यामुळं, आणि त्याची शिक्षा मी पुरेपूर भोगली आहे.

भोरमध्ये माझी खानावळ आहे. आमच्या भागात शूटिंगवाले सारखे येतात, आणि त्यांचं जेवण बऱ्याचदा माझ्याकडून जातं. जेवणाबरोबर मग बाकीचंही मलाच विचारतात. ताई, बैलजोडी मिळेल का. ताई, जुना पितळी हंडा मिळेल का. तसाच एक पुण्याचा दिग्दर्शक आला, तरुण, चष्मेवाला, बोलायला अतिशय गोड. शहरातली नात सुट्टीत गावाकडच्या आजोबांकडे राहायला येते, दोघांचं पटत नाही, आणि शेवटी पटतं, असा त्याचा सिनेमा. म्हणाला, ताई, मला नट नकोय, खरा म्हातारा पाहिजे.

तो हे बोलत असताना खरा म्हातारा माझ्या पायरीवर तांदळाचं पोतं घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडवून बसला होता.

त्या पायरीचं सांगायला हवं. म्हातारा कित्येक वर्षं मला तांदूळ घालतो. पूर्वी तो सरळ आत यायचा. पोतं टाकायचा, माझ्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा, "भात गिचका झालाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, आणि मग जेवणाऱ्या गिऱ्हाइकांमधून फिरायला लागायचा. कुणाच्या ताटात भात उरलेला दिसला की संपलंच. "टाकायचा हुता तर घेतला कशाला? ह्यो पिकवायला काय लागतंय ठावं हाय?" एकदा कचेरीतले एक साहेब अर्ध्या ताटावरून उठून गेले ते परत आले नाहीत. मी म्हाताऱ्यापुढं हात टेकले होते.

आणि एका वर्षी तो आत यायचाच बंद झाला. एकदम. पोतं घेऊन पायरीवर बसायचा आणि पंगत उठेपर्यंत हलायचा नाही. ऐन जेवणाच्या वेळी दारात हे धूड. गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून पाय टाकून आत यायचं. मी म्हणायची, अहो बाबा, आत या, कोपऱ्यात बसा. तो मान हलवायचा. "न्हाई. माणसं ताटावर हायती." मला वाटलं, नवीन काहीतरी खूळ. गिऱ्हाइकांना बोलायचा थांबला हेच खूप झालं म्हणून मी जास्त चौकशी केली नाही.

तर दिग्दर्शकानं पायरीकडं बघितलं. ती पांढरी खुरटी दाढी, ते टोपीखालचे कान. म्हणाला, "हाच."

मी म्हणाले, "साहेब, हा नको. दुसरा देते."

पण त्याला हाच पाहिजे होता. म्हाताऱ्याला विचारलं तर तो नाही म्हणेल याची मला खात्री होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नात बी हाय का त्यात?"

"आहे ना, आजोबा. आठ वर्षांची."

"शिणेमा पुण्यात लागंल?"

"लागेल."

"कोथरूडात लागंल?"

"सगळीकडे लागेल," दिग्दर्शक म्हणाला. त्या एका वाक्यानं माझी दोन वर्षांची झोप गेली. बोलणारा बोलून गेला, निस्तरलं मी.

शूटिंग म्हाताऱ्याच्याच घरात ठरलं. मी रोज टेम्पोतून जेवण घेऊन जायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच अडकायची, कारण म्हातारा अडून बसला की सगळे माझ्याकडं बघायचे. जणू मी त्याला जन्माला घातलाय.

पहिला घोळ कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, पावना समोर उभा हाय, त्याच्याकडं पाठ करून बसायचं ही कुठली रीत? कॅमेरावाला बिचारा चाळिशीतला, दमेकरी. म्हातारा प्रत्येक सीनच्या मधे त्याला म्हणायचा, "बसा की हो, किती येळ उभं राहायचं." आणि कोरा चहा पाजल्याशिवाय पहिला शॉट होऊ द्यायचा नाही. अख्ख्या युनिटला. चहा तोच करणार, साखर तोच घालणार, आणि साखर म्हणजे चमचा उभा राहील एवढी.

दुसरा घोळ, एकदा केलेलं तो परत करायचा नाही. दिग्दर्शक म्हणायचा, "आजोबा, फार छान. परत एकदा."

"का? चुकलं व्हय?"

"नाही, नाही. छान झालं."

"मग?"

मग ते शिकलंसवरलं युनिट त्याला समजावत बसायचं. अँगल म्हणे, लाइट म्हणे, सेफ्टीसाठी एक जादाचा म्हणे. म्हातारा गायीला वैरण टाकायला निघून जायचा.

तिसऱ्या दिवशी तर कहर केला. सकाळी टेम्पोतून उतरते तर दिग्दर्शक ओसरीवर डोकं धरून बसलेला. म्हातारा समोर उभा, गुळगुळीत दाढी केलेला, वर पावडर. ज्या दाढीसाठी घेतला तीच गेली. आणि आदल्या दिवशी एक सीन अर्धा झालेला. मी विचारलं, बाबा, हे काय केलंत? तो मलाच म्हणाला, "घरात एवढी पावनी माणसं, आन् म्या खुरटलेला बसू? लोक काय म्हणतील?" दाढी परत उगवेपर्यंत युनिटनं डोंगराचे, गायीचे आणि नात झालेल्या पोरीचे एकटीचे शॉट घेतले. सिनेमा नीट बघितलात तर दिसेल, आजोबा गाय सोडायला बाहेर पडतात ते दाढीसकट आणि परत येतात ते गुळगुळीत. लोकांना वाटतं, मधे काही दिवस गेले असावेत.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे एस्टी. भोरहून सकाळची एक गाडी तिकडं येते. ती खालच्या वळणावर आली की हॉर्न देते. हॉर्न ऐकू आला की म्हातारा उठलाच. सीन काही असो. एकदा आजोबा तापानं फणफणलेत, नात डोक्यावर पट्ट्या ठेवतीय, सगळे चिडीचूप, आणि हॉर्न. आजोबा घोंगडी फेकून उठले, टोपी घातली, चालू लागले. "कोण उतरतंय बघून येतो."

"आजोबा, कट नाही म्हणालो मी," दिग्दर्शक मागून ओरडतोय.

अर्ध्या तासानं परत आला. "सरपंचाची सून उतरली आन् एक पोस्टाचा माणूस," असा अहवाल दिला आणि परत घोंगडीत शिरला. मी विचारलं, तुम्हाला काय करायचंय हो कोण उतरतंय त्याच्याशी? कुणी येणार आहे का तुमच्याकडं? "न्हाई," म्हणाला. मग कशाला जाता? तर म्हणे, सवय.

पोरगी मात्र गुणी होती. पुण्याचीच, अखंड बडबड करणारी. म्हातारा तिला 'पोरे' म्हणायचा आणि तिला काय हवं-नको ते माझ्याकडून नेऊन द्यायचा. ती कॅमेरा बंद असतानाही त्याला आजोबाच म्हणायची. हाक मारल्यावर तो लगेच ओ द्यायचा नाही. जरा थांबून द्यायचा. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल.

मग तो सीन आला. सगळा सिनेमा त्या एका सीनवर उभा होता, असं दिग्दर्शक येता-जाता सांगायचा. आजोबा आणि नात जेवायला बसलेत. नात म्हणते, मला नको ही भाकरी, मला घरी जायचंय. आजोबांचा तोल जातो. ते ओरडतात, नको तर ऊठ ताटावरून. नात उठते, मागच्या दारानं निघून जाते, आणि पुढं सगळा शोध, रडारड, भेट. आजोबा ओरडले नाहीत तर नात जाणार नाही, आणि नात गेली नाही तर सिनेमा संपला.

मी नाचणीच्या भाकरी, पिठलं, भात सगळं गरम वाढून दिलं. कॅमेरा सुरू झाला. पोरगी म्हणाली, "मला नको ही भाकरी. मला घरी जायचंय."

म्हातारा भाकरीकडं बघत बसला.

दिग्दर्शक हळूच म्हणाला, "आजोबा, बोला. ऊठ ताटावरून."

म्हातारा म्हणाला, "म्या न्हाई बोलणार."

पाठ झालं नाही असं वाटून त्यांनी परत सांगितलं. ताट गार झालं, मी दुसरं वाढलं. परत तेच. तिसरं वाढलं. पोरीनं तोवर खरंच दोन भाकऱ्या संपवल्या होत्या. दिग्दर्शकाचा घसा बसला. त्यानं समजावलं, हात जोडले, शेवटी चिडला. हे खोटं आहे, आजोबा, खोटं खोटं बोलायचंय. म्हातारा उठून मागच्या पडवीत जाऊन बसला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी तणतणत गेले. म्हणाले, बाबा, लोकांनी आपली पुंजी लावलीय, माझं नाव खराब करू नका. एक वाक्य तर आहे. खानावळीत माझ्या गिऱ्हाइकांना इतकी वर्षं बोललात, तेव्हा जीभ अडखळली नाही, आणि आता काय झालं?

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यास्नी कुणी सांगितलं? तुमी?"

"काय सांगितलं?"

"माझ्या घरातली गोष्ट ह्यांच्या कागदात आली कशी?"

मला काही उमगेना. मग त्यानंच सांगितलं, वैरणीची काडी मोडत मोडत. त्याचा मुलगा कोथरूडला असतो, एवढं मला माहीत होतं. सुनेनं आणि नातीनं काही वर्षांत इकडं पाऊल टाकलेलं नाही, हे माहीत नव्हतं. नात सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत आली होती. इथंच, शूटिंग चाललं होतं त्याच सोप्यात जेवायला बसली आणि म्हणाली, मला ही काळी भाकरी नको. म्हातारा बोलला, नको तर ऊठ ताटावरून.

"आन् उठली. लेकरू तोंडातला घास तसाच घिऊन उठलं. सुनंनं तिचा हात धुतला आन् दुपारच्या एस्टीनं गेल्या दोघी. सून मला एक शबुद बोलली न्हाई. पोरगा येतो एकटाच, सणावाराला. ती न्हाई आली परत."

एवढ्यात आतून दिग्दर्शकानं हाक मारली.

"ती शिणेमा बघंल," म्हातारा म्हणाला. "कोथरूडात लागला की बघंल. त्याच्यासाठी तर केला. आन् त्यात बी म्या तेच बोललेला दिसलो तर म्हणंल, थेरडा अजून तसाच हाय."

मला राग आला. त्याचा नाही, नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. जाऊन सांगायचं ना मग पुण्याला, चुकलं म्हणून? एस्टी इकडून तिकडंही जाते की. तसं मी त्याला म्हणालेही. तो म्हणाला, "बोलावल्याबिगर कसं जायचं?" म्हणजे लेकाच्या घरी जायला आमंत्रण पाहिजे, आणि सगळ्या महाराष्ट्राला दिसेल अशा सिनेमात काम करायला नको. या माणसाचं डोकं असं चालतं.

मी आत गेले आणि दिग्दर्शकाला एवढंच म्हणाले, ते वाक्य ते बोलणार नाहीत, मेले तरी नाहीत. कॅमेरा चालू ठेवा आणि त्यांना काय करायचं ते करू द्या, नाहीतर दुसरा म्हातारा शोधा. तो इतका दमला होता की बरं म्हणाला.

मी चौथं ताट वाढलं. पोरगी म्हणाली, मला नको ही भाकरी, मला घरी जायचंय. म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "नको तर नको. पर उठू नको." आणि स्वतःचं भरलेलं ताट तसंच ठेवून स्वतःच उठला, बाहेर गेला आणि अंगणात दाराकडं पाठ करून उभा राहिला. पोरगी एकटी दोन ताटांसमोर बसली. तिला काय करावं कळेना. तिनं दाराकडं बघितलं, आणि खरीखुरी रडायला लागली, आणि मागच्या दारानं निघून गेली. कॅमेरावाल्यानं डोळे पुसले. दिग्दर्शक बराच वेळ कट म्हणायचं विसरला.

परत एकदा, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

मग सिनेमा लागेचना. कधी डबिंग अडलं, कधी थिएटर मिळेना. रोज पहाटे मी म्हाताऱ्याला नाही म्हणायची. शिवाय त्यानं वाडीत आणि लेकाला माझा नंबर 'माझ्या हापिसचा' म्हणून देऊन ठेवला होता, त्यामुळं त्याचे निरोपही माझ्याकडं. अखेर सिनेमा थिएटरला न लागता मोबाईलवर आला. हे त्याला समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला. "म्हंजी कोथरूडात लागला का न्हाई?" "लागला, बाबा. घराघरात लागला." "घरात कसा लागंल?" कट.

त्यानंतर महिनाभरानं त्याच्या लेकाचा फोन आला. आमची पोरगी आजोबांकडं जाते म्हणतेय, एकटीच. भोरपर्यंत येईल, पुढं पोचवाल का? मी विचारलं, आई काय म्हणतेय? तो म्हणाला, "डबा करून देतेय." मला तेवढं पुरलं.

भोरच्या स्टँडवर पोरगी उतरली. उंच, पाठीला सॅक, कानात ते गाणी ऐकायचं बोंडुक. मी तिला टेम्पोत पुढं बसवलं. निम्मा रस्ता ती धरणाच्या पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, "ते अजून ओरडतात का?"

"ओरडत नाहीत," मी म्हणाले. "छळतात."

ती हसली. मला जरा बरं वाटलं.

हिर्डोशीच्या अलीकडं फाट्यावर म्हातारा उभा. टोपी, टॉवेल, सगळं व्यवस्थित. एस्टीची वेळ झालेली. मी टेम्पो थांबवला. म्हणाले, "बाबा, बसा, घरी चला."

"तुमी व्हा म्होरं," तो रस्त्याकडं नजर लावून म्हणाला. "एस्टी यील आता. कोण उतरतंय बघून येतो."

"अहो, गाडीत बघा."

"येतो म्हणलं ना मागनं."

"बाबा, आत बघा की जरा." माझा आवाज चढला होता. शेवटी पोरीनंच काच खाली केली आणि म्हणाली, "आजोबा."

त्यानं ओ दिली नाही. टोपी काढली, परत घातली. मागं फळीवर चढून बसला. घरी त्यानं चूल पेटवली, भात टाकला, भाकरी थापल्या, मला हात लावू दिला नाही. तिला ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि सरळ अंगणात जाऊन दाराकडं पाठ करून उभा राहिला.

मी मागोमाग गेले. "आत जा की."

"ती ताटावर हाय."

"म्हणून तर जा."

"काय तरी बोलून बसंन, ताई. ह्या तोंडाचा भरवसा न्हाई."

"शूटिंग संपलंय, बाबा," मी म्हणाले. त्याच्या कानात शिरलं नाही. आतून आवाज आला, "आजोबा, भात वाढता का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमी वाढा."

वीस वर्षं मी भोरमध्ये लोकांना वाढतेय. अनोळखी माणसाला, उधारीवाल्याला, उष्टं टाकणाऱ्यालाही वाढलंय. पण त्या दिवशी मी अंगणातल्या दगडावर हाताची घडी घालून बसले. म्हणाले, "मी नाही वाढणार."

तो उभा राहिला. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचं टोक गुंडाळून दातांत घट्ट धरलं, आणि आत गेला. दारातून मला सगळं दिसत होतं. त्यानं एक डाव भात वाढला. दुसरा वाढला. पोरगी बास म्हणत होती, त्याचं तोंड बंद, आणि हात काही थांबत नव्हता. शेवटी तिनं उजवा हात ताटात तसाच ठेवला, डावा वर केला आणि त्याच्या तोंडातला टॉवेल ओढून काढला. "बोला ना," म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्या ताटात बघितलं. भाकरी एका बाजूला सारलेली होती.

"नको तर नको," तो म्हणाला. "पर उठू नको."

एकदा केलेलं परत न करणारा माणूस, त्यानं ते परत केलं.

"हे मी बघितलंय, आजोबा," पोरगी म्हणाली. "दुसरं काहीतरी बोला."

म्हातारा डाव हातात धरून उभा राहिला. मला बाहेर बसून त्याला हाक मारावीशी वाटत होती, बोल रे बाबा आता काहीतरी.

"कितवीत हाईस?"

"आठवीत."

"व्हय?" तो म्हणाला. मग फडताळातून स्वतःचं ताट काढलं आणि तिच्यासमोर जेवायला बसला.